डायलिसिसवर किती वर्षे? हे आधीच सांगायला हवे

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि आता डायलिसिस सुरू करावे लागेल, असे ज्याला सांगितले जाते त्याच्या मनात सर्वांत आधी येणारा प्रश्न बहुधा 'मग आता किती वर्षे?' हाच असतो. तो प्रत्येक जण विचारतोच असे नाही. पुष्कळदा रुग्णाऐवजी मुलगा किंवा मुलगी दाराबाहेर हलक्या आवाजात तो विचारते आणि 'नियमित डायलिसिस केले तर माणूस कितीही वर्षे काढू शकतो' असे उत्तर घेऊन परत येते. त्यानंतरचे बोलणे आठवड्यातले कोणते तीन वार सोयीचे, सकाळची पाळी हवी की दुपारची, पाणी किती प्यायचे, कोणती फळे बंद, याकडे वळते. ही माहितीही लागतेच, पण तिच्या गर्दीत मूळ प्रश्न मागे पडतो आणि पुढे कित्येक महिने तो पुन्हा कोणी काढत नाही.

माझे म्हणणे असे की, रुग्णाची ऐकण्याची तयारी असेल तर त्याच्यासारख्या माणसाला डायलिसिसवर साधारण किती काळ मिळतो याची प्रामाणिक कल्पना पहिल्या डायलिसिसच्या आधी देणे हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. ते डॉक्टरांच्या स्वभावावर किंवा नातेवाइकांच्या धीटपणावर सोडता कामा नये. ही कल्पना देताना त्या काळाचा कोणता भाग वयाने आणि इतर आजारांनी जवळजवळ ठरून गेलेला आहे आणि कोणता भाग उपचाराच्या पद्धतीनुसार बदलू शकतो, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. कारण यातला दुसरा भाग आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि तो न सांगण्याची किंमत रुग्ण आपल्या आयुष्याने मोजतो.

सर्वसामान्य वाचकाला या विषयावर कुठेही माहिती शोधली की एक ठरावीक वाक्य भेटते: डायलिसिसवर सरासरी पाच ते दहा वर्षे आयुष्य मिळते, पण वीस-तीस वर्षे जगलेलीही अनेक माणसे आहेत. हे वाक्य खोटे नाही. तरीही एखाद्या विशिष्ट माणसाला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. तीस वर्षांचा, मधुमेह नसलेला, मूत्रपिंडांच्या आनुवंशिक विकाराने डायलिसिसवर आलेला तरुण आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मधुमेहाने पाय गमावलेली, हृदय आधीच कमकुवत झालेली वृद्धा हे दोघेही त्या सरासरीत आहेत. पहिल्याला ती विनाकारण घाबरवते, दुसरीला ती खोटा दिलासा देते. वय, मधुमेह, हृदयाची अवस्था, शरीराचे पोषण आणि माणूस स्वतःची कामे स्वतः करू शकतो की नाही, एवढ्या चार-पाच गोष्टी कळल्या तरी अंदाजाची मर्यादा बरीच आवळता येते. तेवढी माहिती तर कुठल्याही केसपेपरवर असतेच.

आकड्यांच्या मोजणीतही एक मेख आहे, जी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. अनेक देशांच्या मूत्रपिंड-नोंदणी अहवालांत जगण्याचे प्रमाण काढताना मोजणी पहिल्या दिवसापासून न करता ९० दिवसांनंतर सुरू करण्याची प्रथा राहिली आहे. त्यामागे तांत्रिक कारणे आहेत. काहींची मूत्रपिंडे या काळात पुन्हा चालू लागतात, काहींची नोंद उशिरा होते. पण डायलिसिसवरचे सर्वांत धोक्याचे महिने हे सुरुवातीचेच असतात, ही गोष्ट अनेक देशांत एकत्रितपणे झालेल्या पाहणीत दिसून आलेली आहे. म्हणजे जो आज सुरुवातीच्या दारात उभा आहे त्याला दाखवला जाणारा आकडा बऱ्याचदा ते दार पार करून आलेल्यांचा असतो.

तरीही ढोबळ चित्र समोर असावे म्हणून सांगतो. अमेरिकेत डायलिसिस सुरू केलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर साधारण ४० टक्के हयात असतात. जपानमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ४० वर्षांहून अधिक काळ डायलिसिसवर असलेल्या व्यक्तींचीही तिथे नोंद आहे. या फरकाचे सगळे श्रेय उपचाराच्या दर्जाला देता येणार नाही. जपानमध्ये प्रत्यारोपणे फार कमी होतात, त्यामुळे इतरत्र ज्यांना नवी किडनी मिळून ते डायलिसिसच्या यादीतून बाहेर पडले असते अशी तुलनेने निरोगी माणसे तिथे डायलिसिसवरच राहतात आणि आकडा उंचावतात. हे मान्य करूनही तिथली काळजीपूर्वक चालणारी पद्धत, जवळजवळ सर्वत्र वापरला जाणारा फिस्च्युला (रक्त बाहेर काढण्यासाठी हाताची धमनी आणि नीला जोडून केलेली वाट) आणि संथ गतीने केले जाणारे डायलिसिस यांचा वाटा उरतोच, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

या आकड्यांच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. अमेरिकेतच सर्व प्रकारचे कर्करोग एकत्र धरले तर पाच वर्षे जगण्याचे सापेक्ष प्रमाण, म्हणजे तशाच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेतले प्रमाण, आज ७० टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे वेगळ्या रीतीने काढलेले असल्याने त्यांची थेट वजाबाकी करणे चुकीचे ठरेल. पण दिशा स्पष्ट आहे. कर्करोगाचे निदान झाले की कोणता टप्पा, किती शक्यता, उपचाराने काय साधेल आणि काय साधणार नाही, याची चर्चा होणे आता अपेक्षित मानले जाते. सरासरीने त्याहून कमी आयुष्य देणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजारात मात्र ही चर्चा टाळली जाते, याचे एक कारण मला असे दिसते की डायलिसिसचे यंत्र खरोखरच चालते. रुग्ण धापा टाकत येतो आणि चार तासांनी सरळ झोपू शकतो. पोटॅशियम उतरते, मळमळ थांबते, तोंडाची चव परत येते. एवढा ठळक आणि तत्काळ परिणाम दिसत असताना 'पुढे काय' हे विचारणे अप्रस्तुत वाटू लागते.

यंत्र चालते, मग माणसे दगावतात कशाने? बहुतांशी हृदयाने, आणि त्यानंतर जंतुसंसर्गाने. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेतून असे दिसले होते की डायलिसिसवरच्या पंचविशी-तिशीतल्या माणसाला हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सर्वसामान्य लोकसंख्येतल्या ऐंशी वर्षांपुढच्या माणसाएवढा असतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठून त्या ताठर होतात, वाढलेल्या रक्तदाबाशी आणि साठलेल्या पाण्याशी झगडून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, आणि पोटॅशियमच्या चढउतारांमुळे ठोक्यांची लय बिघडते. कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे इतर हृदयरोग्यांना वाचवतात म्हणून इथेही वाचवतील असे वाटले होते; पण डायलिसिसच्या रुग्णांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, २००५ मध्ये आणि २००९ मध्ये, ती आशा फोल ठरली. या आजारातले हृदय वेगळ्या वाटेने खचते.

ती वाट समजून घ्यायची तर एका पाळीतले चार तास जवळून पाहावे लागतात. रुग्ण आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो. त्याचे 'ड्राय वेट', म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ६० किलो ठरलेले आहे आणि काटा ६४ दाखवतो आहे असे धरू. लघवी जवळजवळ बंद असल्याने मधल्या दिवसांत प्यायलेले आणि अन्नातून गेलेले चार लिटर पाणी अंगातच आहे, आणि ते आता काढायचे आहे. ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा वेगाने पाणी काढले तर मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळते, असे २०११ च्या एका बहुचर्चित अभ्यासाने दाखवले. साठ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा ताशी पाऊण लिटरच्या जराशी पुढे जाते. चार तासांत सव्वातीन लिटरसुद्धा होत नाहीत. उरलेल्या पाण्यासाठी पाळी पाच तासांच्या पुढे न्यावी लागेल किंवा एखादी जादा पाळी द्यावी लागेल. पण पुढचा रुग्ण दाराशी बसलेला असतो, याच रुग्णालाही घरी जायची घाई असते, आणि मग यंत्रावरचा आकडा वाढवला जातो. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात, जांभया सुरू होतात, बीपी पडते, पाय वर केले जातात, सलाईन दिले जाते. प्रत्येक वेळी बीपी असे पडले की हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो आणि असे वर्षानुवर्षे चालले की त्या स्नायूंचा काही भाग कायमचा दुबळा होतो. घरी गेल्यावर तो माणूस अंथरुणावर पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला उठवत नाही. अशा थकव्यातून बाहेर यायला ज्यांना बारा तासांहून अधिक लागतात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही जास्त असल्याचे नोंदले गेले आहे. 'डायलिसिस झाल्यावर थकवा येणारच' असे म्हणून सोडून दिली जाणारी ही तक्रार खरे तर उपचाराच्या वेगाबद्दलची सूचना असते.

निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करते. नेहमीचे डायलिसिस १२ तास. या बारा तासांची वाटणीही शरीराच्या गरजेपेक्षा कॅलेंडरच्या सोयीने झालेली आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार, म्हणजे आठवड्यातून एकदा दोन दिवसांचा सलग खाडा आलाच. बत्तीस हजारांहून अधिक अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये असे दाखवण्यात आले की या लांब खाड्यानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्णवर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष म्हणजे एक रुग्णवर्ष) २२.१ होते आणि इतर दिवशी १८. हा फरक रुग्णाच्या वयाने पडलेला नाही, मधुमेहाने पडलेला नाही आणि पथ्य मोडल्यानेही पडलेला नाही. तो वेळापत्रकाने पडला आहे. रुग्णाला 'पाणी कमी प्या' असे बजावणारी व्यवस्था स्वतःच्या खाड्याबद्दल काही बोलत नाही, हे मला खटकते. सर्वांना रोज डायलिसिस द्यावे, असे मी म्हणत नाही. वारंवारता वाढवण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि सुया जास्त वेळा टोचल्याने फिस्च्युला लवकर बिघडतो हेही दिसले आहे. पण ज्याची लघवी पूर्ण बंद आहे आणि ज्याचे वजन दर लांब खाड्यानंतर चार किलोंनी वाढलेले असते, त्याला तरी हा धोका समजावून सांगून वेगळा पर्याय विचारात घ्यायला काय हरकत आहे?

रक्त बाहेर काढण्याच्या वाटेचेही तसेच आहे. मनगटापाशी धमनी आणि नीला जोडून तयार होणारा फिस्च्युला १९६६ पासून वापरात आहे आणि साठ वर्षे होत आली तरी त्याहून चांगला मार्ग सापडलेला नाही. तो नीट झाला असेल तर त्यावर बोटे ठेवताच मांजराच्या गुरगुरण्यासारखी एक बारीक थरथर हाताला लागते. अनुभवी रुग्ण रोज सकाळी उठल्यावर ती तपासतात, कारण ती थांबली तर त्याच दिवशी धावपळ करावी लागते. मात्र असा फिस्च्युला परिपक्व व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून तो डायलिसिसची वेळ येण्याच्या बराच आधी करून ठेवावा लागतो. प्रत्यक्षात माणूस तातडीच्या अवस्थेत दाखल होतो आणि मानेत कॅथेटर घालून सुरुवात केली जाते. अमेरिकेसारख्या देशातही सुमारे ८० टक्के लोकांची सुरुवात अशीच होते. कॅथेटर म्हणजे थेट हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत पोहोचणारी नळी. तिच्यातून जंतू गेले की ते रक्तातच जातात. सुरुवातीच्या महिन्यांतल्या मृत्यूंमागे जी कारणे आहेत त्यांत ही नळी ठळक आहे. मूत्रपिंडे पाच-सात वर्षे हळूहळू खालावत असताना त्या काळात कोणी हाताची शीर राखायला सांगितले नाही, क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळायच्या टाकाऊ द्रव्याच्या, वाढत्या आकड्याचा अर्थ समजावला नाही, याचा हिशेब पुढे 'डायलिसिसवरचे सरासरी आयुष्य' या शीर्षकाखाली लागतो आणि दोष मात्र यंत्राच्या किंवा नशिबाच्या माथी जातो.

सर्वांत मोठा फरक अर्थातच प्रत्यारोपणाने पडतो. प्रत्यारोपण झालेली माणसे मुळातच निवडलेली, तुलनेने धडधाकट असतात, म्हणून त्यांची तुलना सरसकट सर्व डायलिसिस-रुग्णांशी करणे बरोबर नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ही अडचण ओळखून प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीत असलेल्यांशीच केली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यारोपण झालेल्यांना धोका २.८ पट अधिक होता, पण दीर्घकाळात तो ६८ टक्क्यांनी कमी झाला. यादीत राहिलेल्यांना अंदाजे १० वर्षे तर किडनी मिळालेल्यांना २० वर्षे आयुष्य अपेक्षित होते. डायलिसिसवर जितकी अधिक वर्षे जातात तितके नंतरच्या प्रत्यारोपणाचे फळ कमी होत जाते, हेही पुढच्या अभ्यासांतून कळले. म्हणजे प्रत्यारोपणाची चर्चा 'आधी डायलिसिसवर स्थिर होऊ द्या, मग पाहू' म्हणत दोन वर्षे पुढे ढकलणे ही सावधगिरी वाटली तरी त्यात आयुष्याचा खर्च आहे. घरातून किडनी देऊ शकणारे कोणी असेल तर ते डायलिसिसच्या आधीच कळले पाहिजे, आणि ते कळण्यासाठी दोन्ही मार्गांवर किती वर्षांची अपेक्षा आहे हे आकडे आधी मांडावे लागतात. 'मला डायलिसिसवर काही कमी नाही, मुलीचा जीव कशाला धोक्यात घालू' असे म्हणणाऱ्या पन्नाशीतल्या बापाला या दोन वाटांमधले अंतर कोणी दाखवलेलेच नसते. ते पाहूनही त्याने नाही म्हटले, तर तो त्याचा निर्णय आहे. न पाहता म्हटलेल्या नकाराला निर्णय म्हणणे कठीण आहे.

या मौनाचे परिणाम मोजलेही गेले आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर प्रकृतीच्या ६२ डायलिसिस-रुग्णांना आणि त्यांच्या डॉक्टरांना वेगवेगळे विचारण्यात आले. रुग्णांची अपेक्षा डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा खूपच आशावादी होती. ६६ टक्के रुग्णांना आपण प्रत्यारोपणासाठी योग्य आहोत असे वाटत होते, तर डॉक्टरांच्या मते ते ३९ टक्क्यांपुरतेच खरे होते. तेवीस महिन्यांनी त्यांच्यापैकी ५६ टक्के हयात होते. महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. एक वर्ष जगण्याची शक्यता ९० टक्के किंवा अधिक आहे असे मानणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी 'त्रास झाला तरी चालेल, पण आयुष्य वाढवा' असे सांगितले. शक्यता त्याहून कमी मानणाऱ्यांत असे सांगणारे अवघे ९ टक्के होते. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण माणसे आपल्या उरलेल्या काळाचा जो अंदाज बांधतात त्यानुसारच उपचार निवडतात, ही गोष्ट त्यातून पुरेशी स्पष्ट होते. तो अंदाज चुकीचा राहू देणे म्हणजे निवडही चुकवणे होय. कॅनडात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६१ टक्के रुग्णांनी डायलिसिस सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो असे सांगितले, आणि ते का निवडले याचे कारण म्हणून निम्म्याहून अधिकांनी डॉक्टरांच्या इच्छेकडे बोट दाखवले होते.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप असतो की एका माणसाबद्दल नेमके काहीच सांगता येत नाही, मग उगाच आकडा देऊन त्याला का घाबरवायचे? पहिला अर्धा भाग खरा आहे. पण नेमके सांगता येत नाही म्हणून काहीच सांगू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. 'तुमच्यासारख्या प्रकृतीच्या दहा जणांपैकी साधारण निम्मे तीन वर्षांनंतर असतात. सगळे चांगले जुळून आले तर याहून बरेच जास्त, आणि हृदयाचा त्रास वाढला तर कमी' असे बोलणे अनिश्चितता लपवत नाही आणि माणसाला अंधारातही ठेवत नाही. हे बोलणे दर सहा महिन्यांनी, किंवा मोठे आजारपण होऊन गेल्यावर, नव्याने करता येते. स्वतः डॉक्टरला अंदाज नसतो असेही नाही. 'हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?' हा साधा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारला आणि उत्तर 'नाही' आले, तर तशा रुग्णांमध्ये वर्षभरातला मृत्यूदर खरोखरच कितीतरी जास्त निघतो, हे तपासून पाहिलेले आहे. अंदाज असतो, तो ओठांवर येत नाही.

दुसरा आक्षेप घरच्यांचा असतो: त्यांना सांगू नका, ते खचतील. या आक्षेपामागचे प्रेम मी कमी लेखत नाही. तरीही आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेणारा, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एके दिवशी आला नाही हे पाहणारा, त्याच्या जागी नवा चेहरा बसलेला बघणारा रुग्ण काहीच ओळखत नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो ओळखतो आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प बसतो. शिवाय हे ज्ञान लादायचे नाही. 'पुढच्या काळाबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?' हे आधी त्यालाच विचारता येते, आणि 'मला नको, मुलाशी बोला' असे उत्तर आले तर तेही मान्य करता येते. हा प्रश्न रुग्णाला वगळून इतरांनी ठरवणे मात्र पटण्यासारखे नाही.

अतिवृद्ध आणि आधीच अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत तर हे न सांगणे अधिकच गंभीर आहे. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या आणि डायलिसिस सुरू केलेल्या ३,७०२ वृद्धांची माहिती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात त्यांच्यापैकी ५८ टक्के मरण पावले, आणि डायलिसिसपूर्वी जेवढी हालचाल व स्वतःची कामे करता येत होती तेवढी टिकवून ठेवू शकलेले केवळ १३ टक्के होते. पंचाहत्तरीपुढच्या, अनेक आजार असलेल्या रुग्णांत डायलिसिस घेणारे आणि ते न घेता औषधे, पथ्य व लक्षणांवरचे उपचार घेणारे यांच्या आयुर्मानातला फरक जवळजवळ पुसला जातो, असे ब्रिटनमधील निरीक्षण आहे. अशा माणसाला डायलिसिसविना काळजीपूर्वक उपचार हाही एक मार्ग आहे, असे सांगणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे; पण तो मार्ग नावापुरता सांगितला गेला आणि प्रत्यक्षात त्यासाठी ना भेटीची वेळ, ना श्वासाच्या त्रासावरचे औषध, ना खाज शमवण्याचा उपाय मिळाला, तर तो टाकून देण्याचाच प्रकार होतो. म्हणून हा पर्याय देणाऱ्यांनी त्याची व्यवस्थाही दिली पाहिजे. घाई नसेल तेव्हा थांबून पाहायलाही पुष्कळदा वाव असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २०१० च्या चाचणीत लवकर डायलिसिस सुरू केलेल्यांत आणि सरासरी जवळजवळ सहा महिने उशिरा सुरू केलेल्यांत जगण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. हे सहा महिने चर्चेला, फिस्च्युलाला आणि दाता शोधायला मिळू शकतात.

हा सगळा युक्तिवाद भरल्या पोटीचा आहे, असे कोणी म्हणेल. आणि त्यात तथ्य आहे. २०१० मध्ये जगभरात सुमारे २६ लाख लोक डायलिसिस किंवा प्रत्यारोपणावर जगत होते, आणि किमान २३ लाखांच्या आसपास माणसे ते न मिळाल्याने अकाली मरण पावली असावीत, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी 'किती वर्षे' या प्रश्नाचे उत्तर आठवड्यांत होते. १९६२ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक असताना कोणाला डायलिसिस द्यायचे हे एका निनावी नागरिक-समितीने ठरवले होते, आणि उत्पन्न, कुटुंब, चर्चमधला सहभाग अशा गोष्टी त्या निवडीत डोकावल्याने पुढे मोठा गदारोळ झाला. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेने सर्वांसाठी सरकारी खर्चाची वाट उघडली. कोणाला द्यायचे हा छळणारा प्रश्न त्यामुळे तिथे सुटला, पण कोणाला त्याचा खरोखर उपयोग होईल हे विचारण्याची सवयही त्याबरोबर गेली. जिथे सेवा आता वाढते आहे तिथे केवळ यंत्रांची संख्या आणि पार पडलेल्या पाळ्यांची बेरीज जाहीर होते. एक वर्षानंतर किती जण हयात होते, त्यांच्यापैकी किती जणांची सुरुवात कॅथेटरने झाली, किती जणांची प्रत्यारोपणासाठी तपासणी झाली, हे आकडे प्रत्येक केंद्राने पहिल्या दिवसापासून मोजून प्रसिद्ध केले, तर पैसे देणाऱ्याला आणि रुग्णालाही काय विकत घेतले जात आहे ते कळेल.

सुरुवातीच्या त्या बैठकीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी बहुतेक ठिकाणी उच्चारली जात नाही: डायलिसिस थांबवताही येते. ते थांबवल्यावर बहुतेक माणसे साधारण आठवडा-दहा दिवसांत जातात. थोडीफार लघवी होत असेल तर काही आठवडेही मिळतात. धाप आणि अस्वस्थता यांवर औषधे देता येतात, आणि झोपेचा अंमल वाढत जातो. हे आधी माहीत असलेला माणूस, 'एकदा सुरू केले की सुटका नाही' या भीतीने गोठून जात नाही. ज्याची द्विधा मनःस्थिती आहे तो तीन महिन्यांची मुदत ठरवून डायलिसिस करून पाहू शकतो, आणि मुदत संपल्यावर पुन्हा बसून ठरवू शकतो.

आता व्यवहाराचा मुद्दा. अशा बैठकीला निदान अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो देणाऱ्या डॉक्टरला किंवा प्रशिक्षित परिचारिकेला त्याचा मोबदला मिळत नाही. केंद्राला पैसे मिळतात ते पाळीमागे. डायलिसिसचा खर्च सरकार उचलो, विमा उचलो की धर्मादाय संस्था, पहिल्या पाळीच्या बिलाबरोबर ही बैठक झाल्याची नोंद मागणे आणि तिचे स्वतंत्र शुल्क देणे त्यांना अवघड नाही. नोंदीत रुग्णाला काय विचारले, त्याने किती जाणून घ्यायचे म्हटले, कोणता अंदाज कोणत्या शब्दांत सांगितला आणि प्रत्यारोपण, पोटाचे डायलिसिस (यंत्राऐवजी पोटातल्या पडद्यातून होणारे) व डायलिसिसविना उपचार यांपैकी काय काय समोर ठेवले, एवढे असावे. सहीचा एक कागद वाढला की तो यांत्रिकपणे भरला जाण्याचा धोका आहेच, आणि काही ठिकाणी तो तसाच भरला जाईल. म्हणून सहा महिन्यांनी केंद्राबाहेरच्या कोणीतरी मोजक्या रुग्णांना फोन करून 'तुम्हाला तेव्हा काय सांगितले होते?' एवढेच विचारावे.